विश्लेषण : जुना संगणक आयपीव्ही६ राउटर होऊ शकतो का? घोडे नेमके कुठे अडते?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले आणि अजूनही धडधाकट असलेले असंख्य संगणक एकदम ‘जुने’ ठरले. अशा संगणकावर लिनक्स टाकून त्याला घराचा राउटर बनवता येतो आणि नव्या पिढीचे इंटरनेट पत्ते, म्हणजे आयपीव्ही६, त्याच्यामार्फत घरभर वाटता येतात. तांत्रिकदृष्ट्या हे एका शनिवार-रविवारचे काम आहे. मात्र ते काम हाती घेतले, की एक वेगळाच प्रश्न समोर येतो. इंटरनेट कंपनी घराला नेमके काय देते, एक पत्ता की पत्त्यांचा पट्टा?

जुने पत्ते संपले म्हणजे काय झाले?

इंटरनेटवरील प्रत्येक उपकरणाला पत्ता लागतो. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत हा पत्ता ३२ बिटचा असतो. त्यातून जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होतात. जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर गेली आहे आणि एकेका घरात फोन, टीव्ही, कॅमेरा, लॅपटॉप अशी पाच-दहा उपकरणे आहेत. हा हिशेब जमणारा नव्हता. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे पाच मोठे गट वाटून झाले. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-प्रशांत विभागाची नोंदणी संस्था ‘एपनिक’ तिच्या अखेरच्या राखीव गटावर आली. तेव्हापासून आपल्या भागात आयपीव्ही४ पत्ते रेशनवर आहेत. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेने १ फेब्रुवारी २०२४ पासून अशा प्रत्येक सार्वजनिक पत्त्यासाठी तासाला अर्धा सेंट आकारायला सुरुवात केली. एकेकाळी फुकट मिळणाऱ्या गोष्टीला असे भाडे लागले.

आयपीव्ही६चा पत्ता १२८ बिटचा असतो. या पद्धतीचा पहिला आराखडा १९९५ मधला आहे. म्हणजे ‘नवी पिढी’ वयाने तिशीत पोहोचली आहे. यातून तयार होणाऱ्या पत्त्यांची संख्या लिहायची तर ३४० वर ३६ शून्ये द्यावी लागतात. त्यामुळे इथे पत्ते सुटे मोजले जात नाहीत, पट्टे मोजले जातात. पट्ट्याचे माप तिरप्या रेषेपुढील आकड्याने सांगतात, आणि आकडा जितका लहान तितका पट्टा मोठा. ‘/६४’ म्हणजे एका जाळ्यापुरता पट्टा, ‘/५६’ म्हणजे अशा २५६ जाळ्यांचा आणि ‘/४८’ म्हणजे ६५ हजार ५३६ जाळ्यांचा. जमिनीच्या भाषेत बोलायचे तर /६४ हा एक प्लॉट आहे आणि /५६ हा २५६ प्लॉटचा लेआउट. पुढचा सगळा वाद या आकड्यांभोवती फिरतो.

भारत आघाडीवर आहे, मग प्रश्न काय?

आयपीव्ही६च्या वापरात भारत जगात वरच्या क्रमांकावर आहे आणि यात अतिशयोक्ती नाही. गुगलच्या मोजणीत जगभरातील सुमारे निम्मे वापरकर्ते आयपीव्ही६ने येतात. भारतात हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास आहे. त्याचे मोठे श्रेय मोबाइलला जाते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली तेव्हा कोट्यवधी नव्या ग्राहकांना पुरतील इतके जुने पत्ते बाजारात उरलेच नव्हते. त्यामुळे फोरजीचे जाळे आयपीव्ही६ गृहीत धरूनच उभे राहिले आणि बाकीच्या कंपन्याही त्या वाटेने गेल्या.

सरकारचा रेटाही होता. दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये पहिला राष्ट्रीय आराखडा काढला आणि मार्च २०१३ मध्ये दुसरा. मुदती पुढे सरकत राहिल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये विभागाने नव्या तारखा दिल्या. त्यानुसार ३१ डिसेंबर २०२२ नंतर दिली जाणारी प्रत्येक नवी घरगुती तारेची जोडणी आयपीव्ही६ वाहतूक नेण्यास सक्षम हवी होती. कंपनीच्या मालकीचे जुने राउटरही तोवर टप्प्याटप्प्याने बदलले जाणे अपेक्षित होते.

इथे शब्द नीट वाचावे लागतात. जोडणीतून आयपीव्ही६ वाहतूक जाऊ शकणे वेगळे आणि घराला स्वतःचा पट्टा मिळणे वेगळे. युट्यूब आयपीव्ही६वरून चालले की टक्केवारीत भर पडते. त्या घरातील माणसाला आपल्या दुसऱ्या जाळ्यासाठी पत्ते मिळाले की नाही, हे त्या टक्केवारीत दिसत नाही.

दुसरीकडे आयपीव्ही४ची टंचाई झाकण्यासाठी बहुतेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. याला ‘सीजीनॅट’ म्हणतात. सगळ्या सोसायटीला एकच पत्ता आणि कुणाची चिठ्ठी कुणाची हे गेटवरच्या वॉचमनच्या वहीत, असा हा प्रकार. चिठ्ठी आतून बाहेर गेली असेल तर उत्तर बरोबर येते. बाहेरून कुणी आपणहून आला, तर कोणत्या फ्लॅटकडे पाठवायचे हे वॉचमनला माहीत नसते. म्हणून घरातील कॅमेरा गावाहून थेट पाहता येत नाही, तो बनवणाऱ्या कंपनीच्या, अनेकदा परदेशातील, सर्व्हरमार्फत पाहावा लागतो. छोट्या कार्यालयाला स्वतःचा सर्व्हर चालवायचा असेल तर कायमस्वरूपी पत्त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात.

याची झळ तपास यंत्रणांनाही बसते. युरोपीय पोलिसांची संघटना ‘युरोपोल’ने ऑक्टोबर २०१७ मध्ये सीजीनॅटबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली होती. एकाच पत्त्यामागे अनेक, प्रसंगी हजारो ग्राहक असतील तर केवळ पत्त्यावरून गुन्हेगार ओळखता येत नाही. नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांकही लागतो, आणि तो बहुतेक संकेतस्थळे नोंदवत नाहीत. म्हणजे गुन्हेगार निसटू शकतो, आणि त्याच पत्त्यामागे असलेल्या भलत्याच माणसाच्या दारात चौकशी पोहोचू शकते.

संगणक राउटर कसा बनतो?

राउटरचे काम गूढ नाही. एका तारेवरून आलेले पाकीट दुसऱ्या तारेवर पाठवायचे, एवढेच. म्हणून पहिली गरज दोन नेटवर्क पोर्टची. डेस्कटॉपला बहुधा एकच असतो. दुसरे कार्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळते. एक पोर्ट कंपनीच्या फायबर डबीकडे, दुसरा घरातील स्विचकडे. जुना वायफाय राउटर फेकू नये. त्याला केवळ वायफाय पुरवण्याच्या ‘ॲक्सेस पॉइंट’ अवस्थेत ठेवले की फोन आणि टीव्ही त्यावरून जोडता येतात.

फायबर डबी ‘ब्रिज’ अवस्थेत नेणे हा पहिला अडथळा. तसे केले नाही तर डबी स्वतःच राउटर राहते आणि आपला संगणक तिच्या मागे दुसरा राउटर बनतो. काही कंपन्या विनंती केल्यावर ब्रिज करून देतात, तर काहींच्या ग्राहक सेवेला हा शब्दच समजावून सांगावा लागतो.

प्रणालीसाठी दोन वाटा आहेत. ओपनडब्ल्यूआरटी किंवा ओपीएनसेन्ससारखी राउटरसाठीच बनवलेली मोफत प्रणाली टाकली तर बहुतेक कामे ब्राउझरमधून होतात. ओपीएनसेन्स फ्रीबीएसडीवर चालते आणि फ्रीबीएसडीतील आयपीव्ही६चा पाया जपानच्या ‘कामे’ प्रकल्पाने १९९८ ते २००६ या काळात घातला. जपानी भाषेत कामे म्हणजे कासव. त्या प्रकल्पाच्या संकेतस्थळावरील कासव आयपीव्ही६ने येणाऱ्यालाच हलताना दिसायचे. आपली जोडणी नव्या पद्धतीने चालते का, हे पाहण्याची जगभरच्या अभियंत्यांची ती लाडकी चाचणी होती.

दुसरी वाट म्हणजे डेबियनसारखे साधे लिनक्स टाकून सगळे हाताने जुळवणे. शिकायचे असेल तर हीच वाट बरी, कारण चूक कुठे होते ते दिसते. साधा संगणक दुसऱ्याचे पाकीट आले तर टाकून देतो. ते पुढे पाठवण्याची परवानगी कर्नलला द्यावी लागते. ही एका ओळीची सेटिंग आहे आणि नवखे नेमके इथेच अडकतात. आयपीव्ही६मध्ये राउटर ठरावीक वेळाने ‘मी इथे आहे, बाहेरची वाट माझ्याकडून’ अशी जाहिरात जाळ्यावर करतो. साधे संगणक ती ऐकून वाट धरतात. मात्र पुढे पाठवण्याची परवानगी मिळताच लिनक्स स्वतःला राउटर समजू लागते आणि राउटरने दुसऱ्या राउटरच्या जाहिराती ऐकायच्या नसतात या नियमाने कंपनीच्या राउटरकडे कान बंद करते. बाहेरची वाट पुसली जाते आणि काल चालणारे आयपीव्ही६ आज बंद पडते. उपाय सोपा आहे. बाहेरच्या पोर्टसाठी जाहिराती स्वीकारण्याच्या सेटिंगमध्ये १ च्या जागी २ लिहायचे. या दोनचा अर्थ, ‘राउटर असलो तरी ऐक’. अनेकांची अख्खी रात्र या एका आकड्याने खाल्ली आहे.

पुढची पायरी कंपनीकडे पट्टा मागण्याची. संगणक डीएचसीपीव्ही६ या पद्धतीने मागणी नोंदवतो आणि कंपनीचा सर्व्हर पट्टा सुपूर्द करतो. ही ‘प्रीफिक्स डेलिगेशन’ची सोय २००३ पासून प्रमाणित आहे. मिळालेल्या पट्ट्यातील एक /६४ आतल्या पोर्टवर लावायचा आणि घरातल्या उपकरणांसाठी त्याची जाहिरात आपल्या संगणकाने करायची. त्यासाठी ‘राडव्हीडी’ किंवा ‘डीएनएसमास्क’ हे छोटे प्रोग्रॅम पुरतात. जाहिरात ऐकून प्रत्येक फोन आपला पत्ता स्वतः तयार करतो. इथे डीएचसीपीव्ही६ने एकेकाला पत्ता वाटण्याचा मोह टाळलेला बरा, कारण अँड्रॉइड फोन तसा पत्ता मागतच नाहीत. भारतातील बहुतेक घरांत अँड्रॉइडच आहे, त्यामुळे तसे केले तर लॅपटॉप चालेल आणि फोन मात्र आयपीव्ही६वाचून बसतील.

एकच /६४ मिळाला किंवा काहीच मिळाले नाही तर?

भारतातील ग्राहकाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा हाच आहे. मोबाइलच्या जाळ्यात प्रत्येक फोनला एक /६४ मिळतो. हॉटस्पॉट सुरू केला की फोन तोच पट्टा लॅपटॉपला वापरू देतो. म्हणजे खिशातील फोन हा आधीच एक छोटा आयपीव्ही६ राउटर आहे. फोनला एवढे पुरते. घराला पुरेलच असे नाही.

घरात वेगळी जाळी हवी असण्याची कारणे चैनीची नाहीत. पाहुण्यांचे वायफाय वेगळे, स्वस्तातले कॅमेरे आणि बल्ब वेगळे, कार्यालयाचा लॅपटॉप वेगळा, अशी विभागणी केली तर एका उपकरणात शिरलेला घुसखोर दुसऱ्यापर्यंत सहज पोहोचत नाही. उपकरणे स्वतःचा पत्ता स्वतः तयार करतात त्या पद्धतीला प्रत्येक जाळ्यासाठी पूर्ण /६४ लागतो. कंपनीने एकच दिला तर दुसऱ्या जाळ्यासाठी काही उरत नाही. आणि डबीने तो एकुलता पट्टा स्वतःच्या वायफायला लावून टाकला असेल, तर मागे जोडलेल्या संगणकाला पट्टा म्हणून काहीच येत नाही.

मग पळवाटा शोधाव्या लागतात. शेजाऱ्याच्या वतीने उत्तर देणारी ‘प्रॉक्सी’ लावता येते किंवा ओपनडब्ल्यूआरटीची ‘रिले’ अवस्था वापरता येते. लिनक्समध्ये आयपीव्ही६लाही पत्ता बदलून पाठवण्याची, म्हणजे नॅटची, सोय आहे. पण ज्या जोखडातून सुटायला आयपीव्ही६ आणले तेच पुन्हा मानेवर घेण्यासारखे हे आहे. परदेशी सेवांकडून मोफत बोगदा, म्हणजे ‘टनेल’, घेण्याचा जुना मार्ग आहे. मात्र त्याच्या नेहमीच्या प्रकाराला घरात सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता लागतो. सीजीनॅटमागे असलेल्या ग्राहकाला तोही मार्ग बंद.

पट्ट्यांची टंचाई मात्र खरी नाही. युरोपातील नोंदणी संस्था ‘राईप’च्या समुदायाने २०१७ मध्ये कंपन्यांना स्पष्ट सल्ला दिला की घरगुती ग्राहकाला /५६ किंवा /४८ द्यावा आणि शक्यतो तो बदलू नये. एका कंपनीला सहसा मिळणाऱ्या /३२ या गटातून १ कोटी ६७ लाखांहून अधिक /५६ पट्टे निघतात आणि मोठ्या कंपन्यांकडे यापेक्षा कितीतरी मोठे गट असतात. म्हणजे हात आखडता घेण्याला तांत्रिक कारण उरत नाही. कायमचा पत्ता हा वेगळ्या दराने विकायचा माल आहे, ही आयपीव्ही४च्या टंचाईतून लागलेली सवय तेवढी उरते.

न बदलण्याच्या सल्ल्यालाही इथे वजन आहे. अनेक जोडण्यांत डबी बंद होऊन चालू झाली की पट्टा बदलतो. दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या गावात याचा अर्थ दिवसातून दोनदा नवा पत्ता. लॅपटॉप आणि फोन जुना पत्ता काही काळ धरून बसतात आणि ‘वायफाय आहे पण नेट नाही’ ही तक्रार सुरू होते. राउटरच्या जाहिरातीत पत्त्याची वैधता कमी ठेवली की त्रास घटतो. डबी आणि संगणक दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले की आणखी घटतो.

फायरवॉल नसेल तर किती धोका?

बराच, आणि हा भाग घाईत उरकला जातो. आयपीव्ही४मध्ये नॅटमुळे बाहेरचा माणूस आपोआप दाराबाहेर राहायचा. ती सुरक्षा व्यवस्था नव्हती, योगायोगाने मिळालेली आडभिंत होती. आयपीव्ही६मध्ये प्रत्येक उपकरणाला जगभर चालणारा पत्ता मिळतो, त्यामुळे ती भिंत राहत नाही. पट्टा प्रचंड असल्याने सरसकट पत्ते चाळून उपकरण शोधणे अवघड आहे, हे खरे. तरीही कॅमेऱ्याचा पत्ता एकदा कुठे उघड झाला की तो थेट गाठता येतो.

म्हणून पुढे पाठवण्याची परवानगी देण्याआधी फायरवॉल लावायची, नंतर नव्हे. नियम तीन ओळींचा आहे : आतून बाहेर जाऊ द्या, त्याचे उत्तर येऊ द्या, बाहेरून आपणहून येणारे अडवा. अपवाद आयसीएमपीव्ही६चा. आयपीव्ही४च्या काळात ‘पिंग बंद केले की सुरक्षित’ असा समज रुजला आणि अनेक जण सवयीने ही वाहतूक सरसकट अडवतात. आयपीव्ही६मध्ये शेजारी ओळखणे, राउटरची जाहिरात ऐकणे, ‘पाकीट फार मोठे आहे’ असा निरोप मिळणे, हे सगळे याच वाहतुकीतून होते. ती बंद केली तर काही संकेतस्थळे उघडतात, काही अर्धवट लटकतात, आणि कारण सापडत नाही. आवश्यक प्रकार चालू ठेवून बाकीचे अडवायचे, हाच मार्ग. तयार राउटर प्रणालींमध्ये हे नियम आधीच असतात. हाताने जुळवणाऱ्याने आधी ते वाचावेत.

जुन्या संगणकाची बाजू इथे भक्कम होते. बाजारातील स्वस्त राउटरला काही वर्षांनी सुरक्षा अद्यतने मिळणे थांबते आणि तो भिंतीवर लुकलुकत राहतो. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशा मुदत संपलेल्या राउटरवर ताबा मिळवून गुन्हेगार त्यांचा आडोसा म्हणून वापर करत असल्याचा इशारा दिला होता. संगणकावरील लिनक्सला मात्र यंत्र चालते तोवर अद्यतने मिळत राहू शकतात.

कार्ड विकत घेण्याआधी काय तपासावे?

घरच्या वायफायवर असताना फोनच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता पाहावा. अपूर्णविराम असलेला लांब पत्ता २ किंवा ३ ने सुरू होत असेल तर आयपीव्ही६ घरात पोहोचले आहे. तो केवळ ‘एफई८०’ने सुरू होत असेल तर तो त्या जाळ्यापुरताच आहे, बाहेर चालणारा नाही. डबीच्या सेटिंग पानावर बाहेरचा आयपीव्ही४ पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल तर जोडणी सीजीनॅटमागे आहे. त्याच पानावर ‘प्रीफिक्स’ किंवा ‘पीडी’ या शब्दापुढे तिरपी रेषा आणि आकडा दिसतो. ५६ किंवा ६० असेल तर संगणकाला देण्याइतका पट्टा आहे. ६४ असेल किंवा रकाना रिकामा असेल, तर ग्राहक सेवेला लेखी तीन प्रश्न विचारावेत : ब्रिज करून मिळेल का, प्रीफिक्स डेलिगेशन आहे का, आणि पट्टा किती मोठा व किती स्थिर आहे. पहिल्या पायरीवरील कर्मचाऱ्याकडे उत्तर नसण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून तक्रार क्रमांक घेऊन प्रश्न वर पाठवण्याचा आग्रह धरावा.

राहता राहिला विजेचा हिशेब. जुना डेस्कटॉप ५० वॉट खातो असे धरले तर चोवीस तास चालून महिन्याला ३६ युनिट होतात. आठ रुपये युनिटने २८८ रुपये. ८ वॉटचा, ओपनडब्ल्यूआरटी चालणारा छोटा राउटर तेच काम सहा युनिटच्या आत करतो, म्हणजे ४६ रुपयांत. त्यामुळे डेस्कटॉपवर आधी महिनाभर प्रयोग करावा. कंपनी पट्टा देते आणि तो टिकतो असे दिसले, तर तीच मांडणी लहान राउटरवर किंवा जुन्या लॅपटॉपवर हलवावी. लॅपटॉपला यूएसबीचे नेटवर्क कार्ड चालते, वीज कमी लागते आणि दहा-पंधरा मिनिटांच्या लोडशेडिंगपुरती बॅटरीही आयती असते.